चपला हातात घेऊन

हिराकाकी गेल्याचं मला त्यांच्याच घरातून जाताना कळलं. नेहमीसारखी चपला हातात घेऊन पडवीत शिरले, तर त्यांचा मुलगा दिनेश उंबऱ्यावर बसलेला. म्हणाला, "ताई, आज थांब जरा. आय गेली." रात्री झोपेतच...

नवघर गावातलं साधं बैठं घर. पुढे पडवी, मधे एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याचं दार थेट मोठ्या रस्त्यावर. आमची इमारत पडवीसमोर. बाजूच्या गल्लीतून आम्ही रस्त्याला लागायचो. ती गल्ली एका बिल्डरनं पत्रे ठोकून बंद केली. 'चार दिवस' म्हणाला होता, त्याला दोन पावसाळे उलटले. वळसा घ्यायचा तर उघड्या नाल्याच्या काठानं. काकींनी पहिल्याच दिवशी घराची दोन्ही दारं उघडली. अट एकच: "चपला हातान घ्या. घर हाय ह्ये, रस्ता न्हाय."

मग काय, अख्खी इमारत काकींच्या शेगडीशेजारून ऑफिसला जायला लागली. शाकाहारी मेहताभाई नाकाला रुमाल लावून जायचे. "काकी, आज फिर मच्छी?" "वास फुकट हाय, भाई. जाव जल्दी!" गल्ली मोकळी करा म्हणून मी पत्रकं काढत होते. काकी त्याच पत्रकांवर धुतलेले बोंबील निथळत ठेवायच्या आणि वर मलाच म्हणायच्या, "तुजा कागद लय वरडतोय, पोरी."

माझ्या तक्रारीवरून पालिकेचे एक साहेब पाहणीला आले. गल्लीकडे उभ्या उभ्या नजर टाकली आणि काकींच्या घरातूनच, बूट घालून, रस्त्याला लागले. मग उत्तर आलं: रहिवाशांना पर्यायी मार्ग उपलब्ध आहे. पर्यायी मार्ग! एका बाईचं स्वयंपाकघर! मी तशीच काकींकडे गेले. "दार लावा काकी. तुम्ही उघडं ठेवताय म्हणून यांचं फावतंय." त्या भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लावीन. पन तुज्या वरच्या मजल्यावरची ती पोटुशी बाय नाल्यावरशी कशी जाईल? तू उचलून नेशील?" मी खूप वाद घातला. दार उघडंच राहिलं. माझं म्हणणं आजही तेच आहे. एकीच्या चांगुलपणावर गाडा ढकलायचा आणि त्याला कारभार म्हणायचं, ही शुद्ध फुकटेगिरी आहे.

तिरडी पुढच्या दारानं काढायची रीत. पण पुढून रस्त्याला जायच्या गल्लीत पत्रे. शेवटी काकींना त्यांच्याच स्वयंपाकघरातून, थंड शेगडीशेजारून न्यावं लागलं. एक खांदा मेहताभाईंचा होता. रुमाल खिशात. मागून आम्ही सगळे... कुणी सांगितलं नव्हतं, पण प्रत्येकाच्या हातात चपला.

दिनेशची नोकरी लांब, तो तिकडेच राहतो. तेरावं झाल्यावर त्यानं घराला कुलूप लावलं. त्याला बोल कसा लावू? रिकाम्या घरातून लोकांची ये-जा कोण चालू ठेवील? दार लागलं, अगदी मी म्हणत होते तसं. पत्रे मात्र जागचे हलले नाहीत. वरची ती बाई आता तान्ह्याला छातीशी धरून, एकेक पाऊल चाचपत नाल्याच्या काठानं जाते.

परवा नव्या पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून घाईत निघाले. पडवीपाशी आले, वाकले, चपला काढून हातात घेतल्या... आणि कुलपासमोर तशीच उभी राहिले.