सायबर कॅफेतल्या बाई

कॉलेजात असताना मी राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत जायचे. तो चालवणाऱ्या बाई कपाळावर चष्मा सारून दाराशी बसायच्या.

एकदा तिथे बसले असताना सोशल साइटवरच्या माझ्या प्रोफाइलवर कुणा अनोळखी माणसाने लिहिलं, "उद्या तुझ्या हॉस्टेलखाली येतो." मी रडायलाच लागले.

बाईंनी विचारलं, "पत्ता कुणी दिला त्याला?"

"मीच लिहिलाय प्रोफाइलवर."

त्या रागावल्या नाहीत. शेजारी बसून त्यांनी मला प्रोफाइलवरून पत्ता आणि फोन नंबर काढून टाकायला लावला. मी खातंच बंद करायला निघाले, तशी त्यांनी माझा हात धरला.

"त्यानं जायचं की! तू कशापायी जातीस?"

मग हॉस्टेलवर येऊन त्यांनी रेक्टरबाईंना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो खरंच आला, पण वॉचमनने त्याला फाटकावरूनच हाकललं. संध्याकाळी मी भीतभीतच कॅफेत गेले आणि त्याच खात्यावरून मैत्रिणींशी तासभर गप्पा मारल्या.