आत या म्हना

कुणाच्याही दारात आले की ते चपला काढायचे, दोन पावलं मागे सरायचे आणि म्हणायचे, "आत या म्हना, मग येतो." दार सताड उघडं असलं, समोर मी बसलेला असलो, तरी हेच. मी वैतागायचो. "अहो, या की. रोज काय नव्यानं सांगायचं?"

"रोज सांगा, गुर्जी. तुमचं काय जातंय?"

बेलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसून ते कुलपं दुरुस्त करायचे, चाव्या बनवायचे. त्यांचं नाव मी लिहीत नाही. एकदा नको तिथे तोंड उघडलंय, तेवढं पुरे.

मी निवृत्त शिक्षक. दुपारी टीव्हीवर पिक्चर लावायचो आणि त्यांना चहाला बोलवायचो. एकदा एका सराईत चोराचा पिक्चर लागला. काळा कोट, हातमोजे, तिजोरीला कान लावून ऐकणं. मी रंगून गेलो होतो आणि हे गृहस्थ बशीतला चहा सांडेपर्यंत हसत होते.

"असा कोट घालून हिंडला तर कुत्री फाडत्याल की त्याला."

"तुम्हाला काय ठाऊक?" मी थट्टेनं विचारलं.

त्यांचं हसू थांबलं. "बारा वरसं तेच केलं, गुर्जी. पिक्चरमदी दुसऱ्या दिवशीची सकाळ दाखवत न्हाईत. म्या बगितली हाय."

एका घरातून त्यांनी पाटल्या नेल्या होत्या. सकाळी त्याच वाटेनं गेले, तर घरच्यांनी सुनेवर आळ घेऊन तिला अंगणात उभं केलं होतं. ती एकेकाच्या पाया पडत होती. "म्या भिंतीआड. तोंडातून शबुद निघाला न्हाई. त्या दिसापासनं 'या' म्हनल्याबिगर कुनाच्या घरात पाय टाकला न्हाई."

ही गोष्ट मी पोटात ठेवायला हवी होती. पण मला गोष्टी सांगायची भारी हौस. चहाच्या टपरीवर मी ती रंगवून सांगितली, कोटाच्या विनोदासकट. लोक हसले, मलाही बरं वाटलं.

महिन्याभरात गल्लीत चोरी झाली. टपरीवरची गोष्ट कुणीतरी पोलिसांपर्यंत पोचवली आणि पोलीस त्यांना घेऊन गेले. मी ठाण्यात जाऊन चार शब्द बोलू शकलो असतो. त्याऐवजी मी काय केलं? बाजारातून नवं जाड कुलूप आणलं. जुन्या कडीत ते बसेना, म्हणून नवा कोयंडाही माझ्याच हातानं दाराला बसवला. कारण आमच्या घराची एक चावी त्यांच्याकडे असायची. आम्ही लेकीकडे पुण्याला गेलो की, 'रोज आत या' असं आधीच म्हणवून घेऊन, तुळशीला पाणी तेच घालायचे.

तिसऱ्या दिवशी खरा चोर सापडला आणि ते सुटले. संध्याकाळी आमच्या दारात आले. चपला काढल्या, दोन पावलं मागे सरले. या वेळी काही म्हणाले नाहीत, नुसते उभे राहिले. मला इतकी लाज वाटत होती की माझ्याही तोंडून काही निघालं नाही. मग त्यांची नजर दारावर गेली. कुलपांत आयुष्य गेलेला माणूस, त्याच्यापासून काय लपणार, तुम्हीच सांगा.

"कोयंडा उलटा बसलाय, गुर्जी. स्क्रू भाईरून दिसत्यात. कुनीबी काढंल."

पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढून, उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी सगळं सोडवलं, नीट बसवलं, कुलूप दोनदा लावून पाहिलं. मग आमची जुनी चावी उंबऱ्यावर ठेवली.

"आता बिनघोर ऱ्हावा," म्हणाले आणि चपला घालून निघाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची जागा रिकामी आहे. काष्टीच्या बाजारात बसतात असं कुणी म्हणालं, म्हणून दोनदा जाऊन आलो. दिसले नाहीत.

दुपारी टीव्ही लावतो तेव्हा आता मी दार सताड उघडं ठेवतो. त्याचा उपयोग नाही, हे मलाही कळतं. उघडं दार पाहून ते कधीच आत आले नव्हते. त्यांना फक्त कुणीतरी 'या' म्हणायला हवं होतं.