अमेरिका सांगायला दिग्रसला गेले तेव्हा

अमेरिकेच्या इतिहासामुळे मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीने प्रवास केला, आणि तो कुठवर, तर दिग्रसपर्यंत. हसू नका. बासष्ट सालच्या कापसाच्या हंगामात यवतमाळच्या वीस वर्षांच्या मुलीला दिग्रस म्हणजे परदेशच होता. आता ऐंशी ओलांडल्यावर पाय घराबाहेर फारसे जात नाहीत, म्हणून हा ब्लॉग लिहिते. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असाल तर वाटेवरच्या चार गोष्टी उपयोगी पडतील.

सुरुवात दिवाळीत झाली. वामनमामा आमच्याकडे जेवायला आला होता. तो दिग्रसच्या एका जिनात फिटर होता. कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, आमच्याकडे त्याला नुसते जिन म्हणतात. मी बी.ए.ला होते आणि अमेरिकेचा पेपर डोक्यात घोळत होता. पुस्तकातले कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जात नसे. मी सांगत सुटले की ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी तिकडे बोटी भरभरून माणसे आली, आयरिश, जर्मन, इटालियन, पोलिश. गिरण्यांचे काही मालक मुद्दाम वेगवेगळ्या भाषेची माणसे शेजारी उभी करत, म्हणजे त्यांचे आपसात बोलणे होऊ नये. तरी त्यांनी संघटना केल्या आणि दिवसाला आठच तास काम मागितले.

मामाचा घास हातातच राहिला. "असंच तं आमच्या जिनात हाये," तो म्हणाला.

मग त्याने जे सांगितले ते आधी समजून घ्या, कारण माझा सगळा प्रवास त्यासाठी होता. हंगामात जिन बारा-बारा तास चाले. रेच्यांवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवर, गावातल्या बाया कापूस टाकत. अंगावर पिणारी पोरे ठेवायला जागा नसल्यामुळे त्यांना कापसाच्या ढिगाच्या आडोशाला निजवत. गाड्या खाली करायचे काम जवळच्या तांड्यातल्या बंजारा हमालांचे होते. दोन वर्षांपूर्वी गावातल्या कामगारांनी तास कमी करा म्हणून काम बंद केले, पण हमाल गाड्या खाली करत राहिले. बदली माणसे आणून जिन चालले आणि अकरा बायांचे काम गेले. आता मामा आणि त्याचे सोबती रीतसर युनियन काढत होते. हमाल आले तर जिन खरेच थांबणार होते, आणि नाही आले तर पुन्हा बायांचेच काम जाणार होते.

"तू ये अन् त्याईले अमेरिकेचं सांग," मामा म्हणाला. "सगये एक झाले अन् जिंकले, असं सांगजो."

मी खुशीने उडालेच. पण खोटे कशाला बोलू, थोडी अडखळलेही. सगळे एक झाले नव्हते. आलेल्यांत चिनी मजूरही होते. त्यांना तिथल्या कामगारांनीच बाहेर ठेवले. पुढे चिनी मजुरांना देशात घेऊच नये असा कायदा झाला, आणि तो व्हावा म्हणून मोठा आरडाओरडा संघटनांनीच केला होता. हे मी मामाला सांगितले.

"ते पान सोडून दे, सुमे. कायले आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्याचा?"

मी मान डोलावली. आईने एकटीने जायला होकार देताना दोन अटी घातल्या, खिडकीतून डोके बाहेर काढायचे नाही आणि मामाच्या घरी उलट बोलायचे नाही. पहिली अट पहिल्या मैलातच मोडली.

यवतमाळहून दारव्ह्यापर्यंत तेव्हा छोट्या रुळांची गाडी होती. तिकीट रुपयाच्या आतबाहेर. ती इतकी सावकाश जायची की एक गृहस्थ उतरून पाणी पिऊन पुन्हा चढले तरी कोणाला नवल वाटले नाही. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मध्येच तुरीचे पिवळे पट्टे, आणि माझ्या डोळ्यांत कोळशाची कसपटे. समोरची बाई संत्री सोलून साऱ्या डब्याला वाटत होती. मी डब्यालाही अमेरिका सांगितली. एका म्हाताऱ्याने शेवटपर्यंत ऐकून विचारले, "तिकडे बैल कोन्ते असते?" मला सांगता आले नाही. ती गाडी आता बंद आहे. तुम्ही सडकेने जाल आणि दीड-दोन तासांत पोचाल. संत्री मात्र बरोबर ठेवा.

दारव्ह्याला गरम मुगवडे खाल्ले आणि दिग्रसची मोटार धरली. धूळ अशी की उतरले तेव्हा माझी काळी वेणी करडी झाली होती. गावात शिरताच कापसाच्या बंड्यांची रांग लागली. बैल सोडलेले, गाडीवान गाडीखाली झोपलेले, आणि झाडांच्या फांद्यांना कापसाचे पुंजके. मोटारीने त्या रांगेच्या कडेने जायला पाव तास घेतला. मला तो पाव तास अजून आठवतो, इतका आनंद झाला होता.

मामाने त्याच दुपारी जिन दाखवले. दारातच कान बंद झाले. दोन्ही बाजूंना रेच्यांची ओळ, प्रत्येकापुढे एक बाई, आणि हवेत इतका तंतू की बायांच्या भुवया पांढऱ्या. तिथे बोलणे ऐकूच येत नाही, म्हणून सगळे हातांनी बोलतात. सखूबाई नावाची चाळिशीची बाई, मामाच्या युनियनमधली सर्वांत खमकी, तिने तीन बोटे वर करून मनगट फिरवले. पाठीवर कापसाचा बोजा घेतलेला एक हमाल लांबून हसला आणि बोजा तिसऱ्या रेच्यापाशी टाकून गेला. बाहेर आल्यावर मी तिला विचारले, तो कोण?

"तांड्याचा हाये. नाव नाई मालूम," ती म्हणाली. सात हंगाम ती दोघे असे हातांनी बोलत होती.

मामाच्या घरी ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि युनियनची वही पुढे आली. गावातल्या कामगारांचे अंगठे आणि सह्या पानभर होत्या. हमालांचे पान कोरे.

"एकेकाले इचारलं," मामा म्हणाला. "सगये एकच म्हनते, नायकाले इचारा. म्हंजे नोकोच की."

"मग नाईकांना विचारलंत का?"

मामा माझ्याकडे पाहतच राहिला. "थो जिनात कायले येईन?"

"तुम्ही तांड्यात गेलात का, असं विचारते."

सखूबाई तिथेच बसली होती. तिने कपाळावर हात मारला. दोन वर्षे ही शहाणी माणसे एकेका हमालाला फाटकात गाठून अंगठा मागत होती. तांड्यात असा शब्द एकट्याने द्यायची रीत नव्हती. तांड्याचा प्रमुख तो नाईक, तो सगळ्यांना बसवणार, सगळ्यांसमोर विचारणार आणि मग सगळ्यांचा मिळून शब्द देणार. अर्धा दिग्रस रोज तांड्यातल्या माणसांबरोबर काम करत होता, आणि तीन मैलांवरच्या तांड्यात जायचे कुणाच्या डोक्यात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाजार, म्हणून जिन बंद. आम्ही सकाळीच मागून आणलेल्या बंडीने निघालो, मामा, सखूबाई आणि मी. वाट खडकाळ होती, हाडे खिळखिळी झाली, पण मजा विचारू नका. मामा वाटभर मला घोकवत होता. सगये एक झाले. मंग जिंकले. मंग बसजो.

तांडा एका माळावर होता, समोरासमोर घरांच्या दोन ओळी, सारवलेली अंगणे. काचा लावलेल्या घागऱ्यांतल्या बाया हातातले काम टाकून पाहायला आल्या. लालसिंग नाईक साठीचे असतील. पागोटे पांढरे, मिशाही पांढऱ्या. त्यांनी आम्हाला लिंबाखाली घोंगडीवर बसवले आणि कामाचा विषय निघायच्या आधी गुळाचा चहा आणि तव्यावरची गरम भाकर समोर ठेवली. ती भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, तसा पुन्हा खाल्ला नाही.

मग नाईकांनी हाक दिली आणि सगळा तांडा बसला. मी उभी राहिले. एकदा तोंड सुटल्यावर मला कोण थांबवणार? बोटी सांगितल्या, एका खोलीत दहा-दहा माणसे झोपायची ते सांगितले, भाषा न कळणारी माणसे शेजारी उभी करायची युक्ती सांगितली. नाईक मध्ये मध्ये थांबवून म्हाताऱ्यांसाठी गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, सांगत. आठ तासांचे ऐकून हमाल एकमेकांकडे पाहून हसले. मामाचा चेहरा फुलला. मी म्हणाले, मग सगळे एक झाले. आणि खाली बसले.

नाईकांनी विचारले, "बाई, तिकडे सगयात बाहेरचं कोनाले समजत?"

मी मामाकडे पाहिले. तो स्वतःच्या वहाणा पाहत होता.

"चिनी लोकांना," मी म्हणाले.

"त्याईले घेतलं का मंग?"

सांगते, त्या क्षणी मला अकरा बाया दिसत होत्या. शेजारी सखूबाई बसली होती आणि खोटे बोलणे अगदी सोपे होते. नुसते हो म्हणायचे. पण समोरचा माणूस हे विचारत होता कारण इथे बाहेरचे कोणाला समजतात ते त्याला ठाऊक होते. मला ते जमेना.

"नाही घेतलं," मी म्हणाले. "बाहेर ठेवलं. आणि पुढे येऊच देऊ नका म्हणून कायदा करवला. तसं मागणारे कामगारच होते."

मामाने डोळे मिटले. नाईक गोरबोलीत बराच वेळ बोलले. मला फक्त चीन एवढाच शब्द कळला. आपण सगळे बुडवले असे मला स्वच्छ वाटले.

मग ते मामाकडे वळले. "दोन सालाअगोदर तुमी काम बंद केलं. आमाले कोनं सांगतलं?"

"कोनी नाई," मामा म्हणाला.

"काहून?"

मामाने मान वर केली. त्याला हे किती जड गेले ते मी पाहिले. "वाटलं, तुमी येनार नाई. वाटलं, तुमचं काय, तुमी बाहेरचे."

"हां," नाईक म्हणाले. "हे पोरगी हो म्हनली असती तं मी चहा पाजून वापस धाडलं असतं तुमाले."

ते उठले आणि तांड्याला त्यांच्या भाषेत एक प्रश्न विचारला. आधी म्हाताऱ्यांनी, मग हमालांनी, मग मागच्या बायांनी होकार दिला. वही कोणी मागितलीच नाही. नाईकांची एकच अट होती, मॅनेजरशी बोलताना तांड्याचा माणूस पुढच्या खुर्चीवर बसेल. मामा म्हणाला, सोबत्यांना विचारावे लागेल. सखूबाई उसळली. "कायले इचारतं वामनभाऊ? माही खुर्ची देतो मी." परतीच्या वाटेवर ती गात होती. मामाने माझ्या डोक्यावर एकदा टपली मारली, एवढेच.

तिसऱ्या दिवशी मोटारीत बसवून देताना त्याने बाजारातली पेढ्यांची पुडी दिली. घरी पोचले तेव्हा आवाज बसला होता, कारण येतानाही मी सगळ्या डब्याला तांडा सांगत आले.

काम बंद झाले तेव्हा मी तिथे नव्हते, परीक्षा होती. मामाच्या पत्रातून कळले. जिनाच्या बाहेर बंड्यांची रांग पार गावाबाहेर गेली, एक बोजा उतरला नाही. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने चार खुर्च्या मांडल्या. नऊ तास मिळाले, पोरांसाठी पत्र्याची खोली मिळाली. रोजी तीच राहिली आणि अकरांपैकी चार बायांनाच परत घेतले. उरलेल्या सातजणींचे काय झाले ते मी विचारले नाही, आणि ते मला अजून सलते. उजळणी करताना मी अमेरिकेची तीच पाने काढली, तर प्रत्येक ओळीत मला माणसे दिसायला लागली. पुस्तक तेच होते. पुढे पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला तो त्या तीन दिवसांच्या जोरावर.

पण एक सांगायचे राहिले. दोन हंगामांनी मामा आमच्याकडे आला तो तणतणत. पैनगंगेपलीकडची माणसे, तेलुगू बोलणारी, कमी रोजीवर काम धरायला आली होती आणि गावाबाहेर पाले टाकून राहिली होती. युनियनची बैठक व्हायची होती. त्यांना घ्यायचे नाही असेच सगळ्यांच्या मनात होते, मामाच्याही.

"अन् नाईक?" मी विचारले.

"थो? बैठकीच्या अगोदरच बंडी जुतून त्याईच्या पालात जायले निंगाला. आमाले न इचारता."

मी हसले. मामा हसला नाही. आईने वाढलेल्या वरणात त्याने भाकरी चुरली.

"मंग मी बी गेलो," तो म्हणाला.

"तुम्ही कशाला गेलात मामा?"

"बंडीत जागा होती," मामा म्हणाला, आणि आईकडे आणखी वरण मागितले.