ठकूमावशींचे उपवास

ठकूमावशींनी आठवड्यातले पाच वार देवांना वाटून टाकले होते. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. भाद्रपद लागला की उरलेल्या दोन वारांनाही देव मिळत. मी देहूरोडची, कान्हे गावातल्या एका लहानशा संस्थेत कामाला. मला वाटे, बाई फारच धार्मिक. "मावशी, स्वर्गात तुमचं पान मांडलेलं असेल," असं मी चिडवायची. त्या म्हणत, "मांडू दे की. तवर भूक बी चांगली लागंल."

मावशी गावातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. एक परदेशी मदतसंस्था आमच्याबरोबर धान्य बँक काढणार होती. अडचणीच्या दिवसांत तांदूळ न्यायचा, सुगी झाली की परत आणून टाकायचा. तांदूळ त्यांचा, राबणं आमचं. अट एकच, गावाला गरज हवी.

पाहणीला आलेल्या परदेशी बाईंना मंडळाने आधी कोंबडीचा रस्सा आणि तांदळाची भाकरी वाढली. जेवता जेवता बाईंनी विचारलं आणि मी मराठीत सांगितलं, धान्य नाही म्हणून कधी जेवण चुकतं का? सगळ्या मावशींकडे बघू लागल्या.

"आमच्या गावात कोन उपाशी निजत न्हाई," मावशी म्हणाल्या. बाईंना फार आनंद झाला. धान्य बँक हातची गेल्यात जमा होती.

मी तापले. मावशींना चुलीपाशी गाठलं.

"पाव्हणी जेवतीया आन आमी उपाशी हाय म्हनायचं? घास कडू व्हईल तिचा," त्या म्हणाल्या. मग चुलीतलं लाकूड पुढे सारत, "सोताच्या घरचं कोन सांगंल, पोरी? शेजारचं इचार. त्ये समद्यास्नी ठावं असतंय."

मी ते बाईंना सांगितलं, त्यांना पटलं. जेवणं झाल्यावर शेजारचं विचारताच बायकांना तोंड फुटलं. आपल्यालाही शेजार आहे, एवढं मात्र मावशींच्या ध्यानात आलं नव्हतं. शेजारची पारू उठली. "मावशीचं उपास देवाचं न्हाईत. डब्यातलं तांदूळ सपलं की सुरू व्हत्यात."

कुणी हसलं नाही. मावशींनी पदर पुढे ओढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बँक मंजूर झाली, पोती आली. पण अध्यक्षांनी हात लावल्याशिवाय बाकीच्या पुढे होईनात, आणि अध्यक्ष घराबाहेर येईनात. पारूशी तर बोलणंच बंद. शेवटी पारूच बँकेच्या पोत्यातले सूपभर तांदूळ घेऊन त्यांच्या दारात बसली. "तुमी घ्येतल्याबिगर आमी कुनी घ्येनार न्हाई. माजी पोरं बी उपाशीच हायेत," म्हणाली. मावशींनी सूप आत नेलं.

दुसऱ्या दिवशी वाटप सुरू झालं. पारूवरचा राग गेला का, असं मी मावशींना विचारलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "लाज लय वाटली. पन झोप लागली, पोरी."