भोरड्यांची वैरीण

खर्ड्याजवळच्या वाडीत मुक्ताबाईची ओळख एकच होती: भोरड्यांची वैरीण. ज्वारी हुरड्यात आली की या गुलाबी पाखरांचे थवे शिवारावर उतरायचे आणि मुक्ताबाई गोफण घेऊन माळ्यावर चढायची. तिची हाळी शेजारच्या वस्तीपर्यंत जायची. भोरड्यांना ती ज्या शिव्या द्यायची, त्या ऐकून नवरा बन्सी कानावर उपरणं ओढून घ्यायचा.

बहात्तरचा पाऊस आलाच नाही. ज्वारी पेरलीच नाही, मग राखायची कसली? माळा रिकामा राहिला. मुक्ताबाई दुष्काळी कामावर डोंगरात माती वाहायला जाऊ लागली.

फाल्गुनातल्या एका दुपारी बायका सुकडी खायला बसल्या होत्या. वरच्या अंगाला एकदम कलकलाट उठला. मुक्ताबाईनं घास तसाच ठेवला.

"चांगुणे, ह्यो आवाज माझ्या वळखीचा हाय," ती जावेला म्हणाली आणि पदर खोचून चढण चढू लागली.

वर पळस फुलले होते आणि फांदीफांदीवर भोरड्या होत्या. अंग गुलाबी, डोकं काळं, त्यावर तुरा. फुलांत चोची घालून घालून तोंडं पिवळी झालेली. इतकी वर्षं तिनं त्यांना पळतानाच पाहिलं होतं. बसलेली भोरडी अशी दिसते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"काय नटल्यात गं," चांगुणा मागून म्हणाली.

"आन् मी मेली नुसती हाकलीत बसले."

मग रोज दुपारी बायका वर जाऊ लागल्या. मुकादम पुंजाराम एकदा तणतणत आला. "मुक्ताबाई, काम सोडून हितं काय चाललंय?"

"जेवनाची सुट्टी हाय, मुकादम. बसा की घटकाभर."

पुंजाराम बसला. थोड्या वेळानं त्याच्या पांढऱ्या टोपीवर वरून प्रसाद पडला. बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. तो टोपी झटकत म्हणाला, "लई माजल्यात," पण उठला काही नाही.

चैत्र लागला. एका सकाळी सगळा थवा उठला, धुरासारखा डोंगरावर दोनदा फिरला आणि उत्तरेकडं निघाला. मुक्ताबाई माथ्यावर उभी राहून ठिपके दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली.

"लेक सासरी चालल्यावानी रडतीस व्हय?" चांगुणानं विचारलं.

"रडतीय कुठं? डोळ्यात माती गेली."

पुढच्या साली पाऊस झाला, ज्वारी तरारली, भोरड्या आल्या. मुक्ताबाईनं त्यांना पहिल्यासारखंच हाकललं. पोटाचा प्रश्न होता. पण रास घरात पडल्यावर तिनं भाकरी बांधली, चांगुणाला हाक मारली आणि बन्सीच्या हातात पाण्याची कळशी दिली.

"कुठं निगालीस?"

"डोंगरावर. भोरड्या जायच्या आधी एकदा बघून येऊ."

बन्सी कुरकुरत चढला आणि पळसाखाली पडल्या पडल्या घोरू लागला. थवा उठला तेव्हा मुक्ताबाईनं त्याला गदागदा हलवलं. तो डोळे चोळत आभाळाकडं बघत राहिला. "ह्या इतक्या आपल्या रानात हुत्या?" त्यानं विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "आन् तरी पोती भरली."