मातीखाऊंची ओपीडी

"माझी मावशी खडू खायची," असं एकीनं म्हणायचा अवकाश, बसलेल्या चौघींना आपापल्या मावश्या आठवतात! माझ्याकडे तर अशांचा ढीगच आहे. साठ सालाच्या आगेमागे बेंगळूरला एका कारखान्याच्या दवाखान्यात मी नर्स होते.

आमच्या डॉक्टर वत्सलाबाई बेळगावच्या. पेशंटनं तोंड उघडायच्या आत त्याची खालची पापणी ओढायच्या. आत पांढरं दिसलं की पहिला प्रश्न, "काय खाताय? जेवणाचं नको, दुसरं सांगा!"

ड्रॉइंग ऑफिसातल्या कुलकर्ण्यांच्या मुलीची पाटीवरची पेन्सिल रोज हरवायची. शाळेतल्या बाईंनी आईला बोलावलं. आई आली आणि बोलता बोलता तिनं टेबलावरचा खडू उचलून तोंडात टाकला! बाईंनी चिठ्ठी देऊन तिला आमच्याकडे पाठवलं. चिठ्ठीत एकच ओळ: 'मुलगी निर्दोष आहे.'

कॉलनीतल्या रंगम्मा अक्का राखुंडी खायच्या, पण कबूल करतील तर शपथ!

"दात घासते हो, स्वल्प."

"दिवसातून किती वेळा?"

"सात-आठ."

"अहो अक्का, दात दोनच उरलेत तुमचे!"

फाउंड्रीतला धिप्पाड बसप्पा गुपचूप माती चघळायचा. पोटात जंत, अंगात रक्त नाही, जिना चढला की धाप. वत्सलाबाईंनी जंताचं औषध आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी स्वारी तोंड पाडून हजर.

"डॉक्टर, माती बेचव लागते हो!"

"सरी, ठीक! म्हणजे बरा झालास."

खरी काळजी होती ती येलहंक्याच्या सुमतीची. पाचवा महिना, चेहरा पांढराफटक, पायांवर सूज. स्वयंपाकघराची मातीची भिंत पाणी शिंपडून खायची. वत्सलाबाईंनी सासूबाईंना बजावलं, "असंच चाललं तर बाळंतपण जड जाईल."

"आजपासून मी डोळ्यांत तेल घालून बसते!" सासूबाई म्हणाल्या, आणि खरंच भिंतीपलीकडच्या पडवीत ठाण मांडून बसू लागल्या.

गोळ्या लागू पडल्या. सुमतीला सात पौंडांची गुटगुटीत मुलगी झाली. तिला दाखवायला आणली तेव्हा सुमतीनं हसत हसत मधली हकिकत सांगितली.

गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. एका दुपारी, सासूबाईंचा डोळा लागला असेल असं समजून तिनं भिंतीतल्या खळग्यात बोट घातलं. बोट आरपार गेलं आणि पलीकडच्या बोटाला लागलं!

पलीकडून सासूबाईंचा दबका आवाज आला,

"सुमे, तुझ्या बाजूची ओली आहे का गं?"