हळदीच्या पेवातली बर्गंडी

साताऱ्यात माझी ओळख वाइनचा जाणकार अशी आहे, आणि ती मी स्वतःच पसरवलेली आहे. आमच्या कट्ट्यावर सगळे निवृत्त फौजी, म्हणजे रमवाले. त्यांच्यात मी एकटाच ग्लास उजेडाला धरून, तिरका करून, त्यात नाक खुपसून बोलणार, "जुनी रेड बर्गंडी काय चीज असते ते तुम्हाला नाही कळायचं. ती वर्षानुवर्षं तळघरात झोपवून ठेवावी लागते." एक सुभेदारसाहेब एकदा म्हणाले, "झोपू दे की मग. उठवतोस कशाला तिला?" सगळे खो-खो हसले. मी गंभीरच राहिलो. जाणकारानं हसायचं नसतं.

माझ्या संग्रहात एकूण बाटली एक. आणि तळघरही माझं नव्हतं.

नोकरीत असताना कंपनीनं मशिनं बसवायला मला दोन वर्षं फ्रान्सला पाठवलं होतं. तिथं बर्गंडी याच नावाच्या भागात एका द्राक्षबागायतदाराच्या घरी मी भाड्यानं राहायचो. बाग दोघा भावांची. मी गेलो त्याच हंगामात त्यांचं वाजलं. धाकटा म्हणत होता, पाऊस येतोय, माल लगेच तोडा. थोरला, म्हणजे माझा घरमालक, द्राक्षं आणखी पिकावीत म्हणून आठवडाभर थांबला. "ही वाइन टिकायची नाही, म्हातारी व्हायच्या आधी मरेल," असं म्हणून धाकट्यानं जे बोलणं टाकलं ते टाकलंच. अंगण एक, दारं दोन, मध्ये अबोला. मी परत निघालो तेव्हा थोरल्यानं त्याच हंगामातली एक बाटली माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "पंधरा वर्षं हात लावू नकोस. उघडशील तेव्हा मला सांग."

आता साताऱ्याच्या घरात एप्रिलमध्ये खोबरेल तेलसुद्धा घामाघूम होतं, तिथं बर्गंडी कुठं झोपवणार? मला बायकोचं माहेर आठवलं. सांगलीजवळ त्यांचा हळदीचा व्यापार, आणि हळद ठेवायला पेव. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला हंड्याच्या आकाराचा खड्डा. आत हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. उन्हाळा असो, हिवाळा असो, आत गारवा. मेहुणा म्हणाला, "दाजी, हळदीत दारू? आवं, लोकं तोंडात शेण घालतील!" बायको नुसती माझ्याकडे बघत राहिली. ती बँकेत अधिकारी होती. नजरेनं अर्ज नामंजूर करायची तिला सवय होती. तरीही मी बाटली पुरलीच.

पेव काही माझ्या लहरीवर उघडत नव्हतं. हळदीला भाव आला तरच उघडायचं. मधल्या काळात दोन-तीनदा हळद विकली गेली, नवी भरली, आणि मेहुण्यानं मला न विचारताच बाटली पुन्हा आत खुपसली. मी मात्र कट्ट्यावर "परवाच तळघरात नजर टाकून आलो" असं बिनदिक्कत सांगायचो.

पंधरा वर्षं कधीच उलटून गेली होती. यंदाच्या हिवाळ्यात मेहुण्याचा फोन आला, "दाजी, पेव बुजवतुय. पावसाळ्यात पुराचं पाणी शेजारच्या पेवात शिरलं हुतं. हितनं फुडं माल कोल्ड स्टोरेजला. तुमचं रत्न घिऊन जावा."

घरमालक आता ऐंशीच्या पुढचा. डॉक्टरांनी त्याची वाइन बंद केलेली. त्या हंगामातल्या बाकी सगळ्या बाटल्या कोवळ्यापणीच विकल्या-प्यायल्या गेल्या होत्या. उरलेली ही एकच. त्याला फोन करून कळवलं, तर म्हणाला, "मला एकच सांग. टिकली का?"

रविवारी बायकोला घेऊन तिच्या माहेरी गेलो आणि पेव उघडलं. कोंडलेली हवा जाऊ दिली, दोरीनं कंदील सोडला, तो विझला नाही, मग गडी उतरला. बाटली वर आली ती हळद लागलेल्या नवरीसारखी, लेबल गायब. उघडताना बुचाचा भुगा होऊन आत पडला, म्हणून वाइन मी चहाच्या गाळणीनं गाळली. व्हिडिओ कॉलवर म्हातारा ताटकळलेला. मी ग्लास उजेडात धरला. रंग विटेसारखा, छान. मग नाक आत घातलं.

हळद! घोट घेतला. हळद! हात साबणानं खसाखसा धुऊन आलो, तरी तेच. पण जाणकार तो जाणकार. मी सुरू झालो, "जंगलातली ओली जमीन, अळंबी..."

"हे पुस्तकातलं झालं," म्हातारा म्हणाला. "तुला काय वास येतोय?"

मी पुन्हा ग्लासात नाक घातलं. हळद म्हणावं तर तो समजणार, वाइन बिघडली. तेवढ्यात बायको म्हणाली, "आणा हिकडं." माहेरच्या उंबऱ्यात आली की तिची भाषा बदलते. हळदीच्या घरात जन्मलेली ती, तिला हळदीचा वास कधी जाणवतच नाही. तिनं शांतपणे हुंगलं. "उसाच्या पाचटाखाली ओली माती असती बघा, तसं. मागनं सुकलेला गुलाब." मग जन्मात बाटलीला न शिवलेल्या माझ्या बायकोनं चक्क घोट घेतला. "टिकली की! अजून दम हाय हिच्यात."

माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये मी ते सांगितलं. म्हातारा खुर्चीतून उठला. त्याच्या हातातला फोन हलायला लागला. आभाळ, अंगण, एक बंद दार. तो ठोठावत होता. बऱ्याच वेळानं दार उघडलं. दारात दुसरा म्हातारा. थोरल्यानं फोन त्याच्यापुढं धरला.

"भाऊ," बायको त्याला थेट मराठीतच म्हणाली, "टिकली बरं का."

मी भाषांतर केलं. धाकट्यानं फोनकडं बघितलं, मग भावाकडं. म्हणाला, "आत ये. थंडीत काय उभा राहिलास?"

फोन कुठंतरी टेबलावर उताणा पडला असावा. आम्हाला नुसतं त्यांचं छत दिसत होतं आणि दोघांचे आवाज येत होते. फोन बंद करायला आमच्यापैकी कुणाचाच हात होईना. मेहुण्यानं उरलेली वाइन तिघांत वाटली. मला शेवटच्या घोटापर्यंत हळदच लागली. डोळे पुसताना "हळद गेली वाटतं" म्हणायला तेवढी ती बरी पडली.